टाकीपासून तिसरा खांब

आमच्या बेंट क्रीकमधली माणसं तशी सरळ. घोडा विकायचा असेल तर त्याचं लंगडणं आधी सांगतील आणि मग किंमत. पण रेल्वेच्या खांबावरची काचेची टोपी कुठे सापडली असं विचारा, हीच माणसं चेहऱ्यावरची रेषही न हलवता तुम्हाला थाप मारतील. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. माझा नवरा आर्विड टॉर्गरसन या बाबतीत सगळ्यांचा बाप होता.

मोंटानाच्या या भागातून एकेकाळी रेल्वे जायची. ती बंद पडली, रूळ उखडून नेले, तारा कापून भंगारात गेल्या. राहिली ती खडी आणि माळावरून एका ओळीत जाणारे तारायंत्राचे खांब. तार लाकडाला टेकू नये म्हणून खांबाच्या आडव्या दांड्यावर लाकडी खुंट्या असतात आणि प्रत्येक खुंटीवर मुठीएवढी काचेची टोपी आटे फिरवून घट्ट बसवलेली असते. निळी, हिरवी, क्वचित मधाच्या रंगाची. आमच्याकडचे निवृत्त पुरुष या टोप्यांपायी वेडे झालेत. बायका त्यांना हसतात आणि मुकाट्याने धूळ पुसतात, कारण घरातल्या एकाही खिडकीची कड रिकामी राहिलेली नसते.

यांचा आपला एक कायदा आहे. विकत घेतलेली टोपी ही टोपीच नव्हे. दुसऱ्याने आणून दिलेली तर त्याहून नाही. आपल्या हाताने खुंटीवरून फिरवून काढली तरच ती आपली. त्यामुळे टोपी कुणी कुणाला देत नाही, आणि जागा तर मरेपर्यंत सांगत नाही.

आर्विड यासाठी काय काय करायचा ते सांगितलं तर हसाल. दक्षिणेला जायचं असलं की मुद्दाम उत्तरेच्या पंपावर पेट्रोल भरायचा. गाडीच्या मागच्या बाजूला गळ दिसेल असा ठेवायचा. परत येताना तळ्यापाशी थांबून चाकांना तिथला राखाडी चिखल फासायचा, म्हणजे कॅफेसमोर गाडी लावली की बाकीचे चाकं बघून तळ्याकडे धावत सुटायचे. माळावर गाडी कधी उघड्यावर उभी करायचा नाही, झाडीत आतवर घालायचा. मी एकदा म्हटलं, "एवढी अक्कल धान्याच्या कोठारावर नोकरी करताना वापरली असतीस तर मॅनेजर झाला असतास." तो म्हणाला, "मॅनेजरला सुट्टी कुठे असते?"

मलाही खरं सांगायचा नाही. "तू गोधड्या शिवायला बसतेस तिथे बोलशील," म्हणायचा, "आणि त्या बायकांचे नवरे कोण आहेत ते मला ठाऊक आहे." मग मी विचारणंच सोडून दिलं. जेवायला येणार का, एवढंच विचारायची. त्याचं उत्तर मात्र तो नेहमी खरं द्यायचा.

मर्ल पेटिबोन हा त्याचा सगळ्यात जुना मित्र, म्हणून सगळ्यात जास्त थापा त्यानेच खाल्लेल्या. मर्लने आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि त्यात गुडघे घालवले. बायको गेल्यापासून तो दिवसाचा अर्धा वेळ आमच्याच स्वयंपाकघरात असायचा. त्याच्याकडे सगळे रंग होते, जांभळा सोडून. जांभळी टोपी म्हणजे मुळात बिनरंगी काच, वर्षानुवर्षं उन्हात उभं राहून रंग चढलेली. ती फार थोड्यांना मिळते. आता मर्लला काठीशिवाय चालता येत नव्हतं, खडीवरून तर नाहीच, तेव्हा जांभळी राहिली ती राहिलीच असं त्याने मनाशी धरलं होतं. तोंडाने कधी बोलायचा नाही. पण आमच्या बेसिनवरच्या खिडकीत आर्विडची जांभळी होती, आणि मर्ल नेहमी तिच्याकडे पाठ करून बसायचा.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आम्ही सगळे जूनीच्या कॅफेत बसलो होतो. समोर राजमा-खिम्याच्या चिलीचे वाडगे आणि दालचिनीचे रोल. आर्विडने चमचा खाली ठेवला.

"मर्ल," तो म्हणाला, "सॉयर पुलाच्या पलीकडे इंजिनांची ती जुनी पाण्याची टाकी आहे ना, तिच्यापासून तिसरा खांब. जांभळी आहे."

सगळं टेबल हसत सुटलं.

"हो का?" मर्ल म्हणाला. "आणि मी वर चढू कसा? पंख लावून?"

"चढायचं नाहीच. खांब कलंडलाय. दांडा छातीशी येतो. आणि गाडी थेट खांबापर्यंत जाते, तुला पायी चालायला नको."

"मग बसायला खुर्चीपण ठेवली असशील."

"ठेवतो की. त्यात काय एवढं."

शेजारी गस बसला होता, टायरचं दुकान असलेला. हसता हसता त्याला ठसका लागला. "जाऊ नकोस हां मर्ल. मला याने असंच दगडी खाणीपाशी पाठवलं होतं. तिथे टोपी नव्हती, बैल होता."

"मी खरं सांगतोय," आर्विड म्हणाला.

"तू नेहमीच खरं सांगतोस रे बाबा," असं म्हणत मर्लने आर्विडच्या ताटलीतला रोलचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

आता यात आमचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. 'मी खरं सांगतोय' हे आर्विड प्रत्येक थापेच्या शेवटी म्हणायचा, आणि अगदी याच सुरात. तो सूर सगळ्या गावाला पाठ होता. हसणाऱ्यांत मीही होते.

घरी जाताना मी त्याला म्हटलं, "बिचाऱ्या मर्लला कशाला छळतोस रे? तेही जांभळीवरून?"

"छळलं नाही."

"मग काय केलंस?"

गाडी वळवता वळवता तो म्हणाला, "त्याचे गुडघे बघितलेस? जूनीच्या पायरीवर दोनदा थांबला." मला वाटलं, थट्टा जास्त झाली म्हणून आता याला वाईट वाटतंय. मी विषय बदलला.

पुढचे काही दिवस तो भेटेल तेव्हा मर्लला विचारत होता, "गेलास का?" आणि मर्ल म्हणायचा, "जाऊन आलो. खुर्चीत बसून छान झोप काढली." मग दोघंही हसायचे. आर्विडचं हसणं थोडं कमी असायचं, हे मला आत्ता आठवतं. आत्ता आठवून उपयोग काय?

गुरुवारी सकाळी तो निघाला तेव्हा मी गाडीत एक जाड फळी पाहिली. फळी कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही. विचारून काय मिळायचं ते मला माहीत होतं.

"जेवायला येतोस?"

"दुपारी येतो. सूप कर. वाटाण्याचं."

मी सूप केलं. दुपार झाली आणि तो आला नाही. ओसरीवर जाऊन रस्त्याकडे बघावं म्हणून बाहेर आले, तर तिथल्या दोन घडीच्या खुर्च्यांपैकी एकच जागेवर. हिरव्या पट्ट्यांच्या खुर्च्या होत्या, आणि दोन्हींत जी धड होती तीच गायब. मला संताप आला. पट्ट्या फाटल्यात म्हणून दुसरी खुर्ची दुरुस्तीला ने असं मी उन्हाळाभर कानीकपाळी ओरडत होते, आणि हा बाबा चांगली घेऊन गेला. आल्यावर चांगली हजेरी घ्यायची असं ठरवून मी फाटक्या खुर्चीत बसले. समोरचे डोंगर ढगांत गेले होते आणि वारा उत्तरेचा झाला होता.

संध्याकाळी मर्लला फोन केला. तो म्हणाला, "येईल गं. कुणीतरी मागावर असेल, त्याला चकवत फिरत असेल." पण फोन ठेवल्यावर थोड्याच वेळात तो काठी टेकत आमच्या दारात उभा होता. आम्ही शेरीफच्या ऑफिसला कळवलं. अंधारात माळावर कुठे शोधणार, सकाळी निघू, असं ते म्हणाले. मर्ल आमच्याच सोफ्यावर बसून राहिला.

सकाळी हॉलिस नावाचा डेप्युटी आला. पोरगेलासा, आयडाहोतून नुकताच इथे नोकरीला आलेला. त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर मोठा नकाशा पसरला. तोवर गस आला होता, टोप्यावाले बाकीचेही आले होते. सगळ्यांच्या अंगावर जाड कोट, आणि बाहेर बारीक बर्फ पडायला लागलेला.

"टॉर्गरसन बाई, ते कुठे जातो म्हणाले होते?"

"मला नाही सांगितलं."

"मग यांच्यापैकी कुणाला कधी सांगितलं असेल तर इथे खुणा करा," तो म्हणाला.

सगळे पुढे सरसावले. गसने दगडी खाणीवर खूण केली. कुणी तळ्यावर केली, कुणी बोगद्यापाशी, कुणी मेंढ्यांच्या जुन्या गोठ्यापाशी, मर्लने सॉयर पुलावर. आर्विडने इतक्या वर्षांत इतक्या जणांना इतक्या जागा सांगितल्या होत्या की नकाशावर गोवर उठल्यासारखं झालं. हॉलिस आधी खूश झाला. मग त्याने विचारलं, "यातली खरी कुठली?"

"एकही नाही," गस म्हणाला. आवाजात चक्क अभिमान होता.

हॉलिसला ते कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला समजावून सांगायला लागले आणि सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं. माझा नवरा हरवलाय, आणि तो कुठे नसेल याच्या खुणा आम्ही नकाशावर मांडतोय.

"हे बघ पोरा," मर्ल म्हणाला, "आर्विडने तोंडाने जे जे सांगितलं ते आधी खोडून टाक. उरेल तिथे तो असेल. मी त्याला चाळीस वर्षं ओळखतो."

"पण ही सॉयर पुलाची गोष्ट तर गेल्याच शनिवारची आहे म्हणता."

"म्हणून तर ती सगळ्यात आधी खोड."

सगळ्यांनी माना हलवल्या. पेन्सिल माझ्या हातात होती. सॉयर पुलावर मी रेघ मारली, आणि नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा मारली.

मग अंगणातल्या चिखलावरून वाद झाला. आर्विडची गाडी जिथे उभी असायची तिथे राखाडी चिखल पडला होता. गस म्हणाला, राखाडी चिखल आहे म्हणजे तो तळ्याकडे गेलेला नाही. दुसरा म्हणाला, पण आपण असं समजणार हे आर्विडला ठाऊक आहे, म्हणजे तो तळ्याकडेच गेलाय. हॉलिसने हॅट काढून डोकं खाजवलं. शेवटी अर्धे तळ्याकडे गेले आणि अर्धे उत्तरेच्या उतारांकडे, जिथलं नाव आर्विडने कधीच काढलं नव्हतं. ज्या जागेबद्दल तो गप्प राहिला तीच खरी, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं.

मला घरी फोनपाशी बसायला सांगितलं. यापेक्षा वाईट काम जगात नसेल. फोन वाजला नाही तर काय करायचं ते कुणी सांगून जात नाही. मी सूप गरम केलं, गार झालं, पुन्हा गरम केलं. फडकं घेऊन खिडक्यांतल्या टोप्या पुसायला घेतल्या, एकेक उचलून. एरवी त्यांचा राग यायचा. त्या दिवशी वाटलं, यांतल्या एकीला तरी तोंड असतं तर. या सगळ्या कुठून आल्या हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. ज्या माणसाबरोबर जन्म काढला तो दिवसभर कुठे असायचा, हे मला सांगता येत नव्हतं. मी हातातली टोपी तशीच धरून रडले.

ढग इतके खाली आले होते की शोधासाठीचं विमान उडवता येत नाही असा निरोप आला. बर्फात चाकांच्या खुणा बुजून गेल्या. उत्तरेकडून माणसं परत आली, बूट भिजलेले, नजरा चुकवणारी. तळ्याकडची आली. मी सगळ्यांना कॉफी दिली. "उद्या बघू," सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले.

मर्ल कुठेच जाऊ शकत नव्हता. गुडघ्यांमुळे त्याला कुणी बरोबर नेलं नाही. तो नकाशासमोर बसून एकटाच बडबडायचा. "थोरल्या दरीत असेल. नाही, दरीचं नाव त्याने एकदा काढलं होतं, दरी नाही." बोटाने कोऱ्या जागा शोधायचा. मध्येच मला म्हणायचा, "लोर्ना, सापडेल गं. आर्विडला आर्विडसारखा विचार करूनच शोधायला हवा. आणि तसा विचार माझ्याइतका कुणाला जमत नाही." मी मान डोलवायची. दुसरं करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

रविवारी सकाळी हॉलिस आला, नकाशाची घडी घातली आणि खिशात टाकली.

"मी खोडलेल्या जागांवर जाऊन येतो."

"वेळ फुकट घालवशील," मर्ल म्हणाला.

"बाकी सगळीकडे बघून झालंय, आजोबा. मी आपला सरळ, ते म्हणाले होते तिथे जातो."

चर्चची घंटा झाली तेव्हा तो गेला. प्रार्थना संपून लोक घरी जायच्या आत परत आला. गाडीतून उतरल्यावर त्याने हॅट काढून हातात घेतली, आणि तो ओसरीच्या पायऱ्या चढायच्या आधीच मला कळलं.

मी त्याला आत बसवलं. मर्ल टेबलापाशी होता तिथेच होता.

"कुठे?" मर्लने विचारलं.

"सॉयर पुलाच्या पलीकडे. टाकीपासून तिसरा खांब."

हॉलिस माझ्याकडे बघून सांगत राहिला. गाडी टाकीमागच्या झाडीत आत घातलेली होती, रस्त्यावरून दिसली नसती, विमानातूनही नाही. कलंडलेल्या खांबाला फळीचा टेकू लावायला ते गेले असावेत. खांब जमिनीपाशी कुजला होता. तो फिरला आणि त्यांच्या पायांवर आला.

"लगेच गेला का तो?" मी विचारलं. असं विचारू नये. पण तोंडातून निघून गेलं.

हॉलिसने हॅटची कड दाबत म्हटलं, "नाही, बाई."

मग त्याने जे पाहिलं ते सांगितलं, मी सांगायला लावलं म्हणून. टाकी लोखंडी आहे. तिच्या पत्र्यावर ताजे पोचे पडले होते आणि खाली खडीचा ढीग जमला होता. आर्विड जिथे पडला होता तिथे हाताच्या अंतरात एकही दगड उरला नव्हता. आवाज व्हावा म्हणून तो मारत राहिला असणार. कुणीतरी आपल्याला इथे शोधायला येईलच असं त्याला वाटत असणार. का वाटू नये? त्याने सगळ्यांसमोर जागा सांगितली होती.

"एक गोष्ट मात्र मला कळली नाही," हॉलिस म्हणाला. बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. "तिथे एक खुर्ची होती. घडीची, हिरव्या पट्ट्यांची. खांबासमोर नीट उघडून ठेवलेली. जमीन उंचसखल आहे म्हणून एका पायाखाली चपटा दगडही घातला होता, डुगडुगू नये म्हणून. एवढ्या थंडीत तिथे कोण बसणार होतं?"

मर्लने दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि उठायला गेला. गुडघ्यांनी साथ दिली नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा जमलं नाही. मग तो तसाच बसून राहिला, हात टेबलावर आणि तोंड उघडं.

"मी म्हणालो होतो," तो शेवटी म्हणाला. "खुर्चीचं मीच म्हणालो होतो."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. चाळीस वर्षं ओळखतोस म्हणालास ना, असं त्याच्या तोंडावर फेकायचं होतं. पण नकाशावरच्या त्या दोन रेघा कुणाच्या हाताच्या होत्या? आणि रागवायचंच तर मेलेल्यावर का रागवू नये? एकदा, आयुष्यात फक्त एकदा, थोडा निराळा सूर लावून सांगता आलं नाही का रे तुला? मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते एवढंच, "मर्ल, सूप घेतोस का?"

तो हो म्हणाला. मी वाढलं आणि त्याने खाल्लं. हॉलिसनेही खाल्लं. आम्हा तिघांनाही दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

जाताना हॉलिस दारात थांबला. "ती काच खुंटीवरच आहे. जांभळी. खांब पडला पण तिला चरा नाही गेला. हवी असेल तर आणून देतो."

"आणून नको देऊस," मर्ल म्हणाला. पोराला वाटलं, म्हातारा दुखावलाय म्हणून नको म्हणतोय. आणून दिलेली टोपी मर्लची होत नाही, हे त्याला कोण सांगणार.

आर्विडला आम्ही पुरलं त्या दिवशी ऊन होतं. नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. बायकांनी हॅम आणि चीज घातलेले बटाटे केले होते. लांबलांबून टोप्यावाले आले होते, ज्यांना मी कधी पाहिलंही नव्हतं. प्रत्येकाने माझा हात हातात घेऊन आर्विडची एकेक थाप सांगितली. सगळे हसत होते आणि डोळे पुसत होते. मीही हसले. त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे तेच बोलायचं होतं.

जेवण आटोपत आलं तेव्हा दोघं जण माझ्यापाशी आले. बिलिंग्स शहरातले होते, नीटनेटके, केस विंचरलेले. त्यांतला उंच होता तो आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, ही वेळ नाही, माहीत आहे. पण आर्विड शेवटी कुठल्या पट्ट्यात होता? नुसतं कुतूहल म्हणून विचारतोय."

मला लपवायचं काहीच नव्हतं. उलट सांगायलाच हवं होतं, कारण तिथले बाकीचे खांबही तसेच कुजलेले आहेत असं हॉलिसने सांगितलं होतं. आणखी कुणाच्या बायकोने फोनपाशी बसावं असं मला वाटत नव्हतं.

"सॉयर पुलाच्या पलीकडे," मी म्हटलं. "जुन्या टाकीपासून तिसरा खांब. पण तिकडे जाऊ नका. सगळे खांब बुंध्याशी गेलेत. हात लावला तर अंगावर येतील."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उंच माणसाच्या ओठांच्या कडेला हसू आलं. वाईट नव्हतं ते, प्रेमाचंच होतं. त्याने माझा हात थोपटला.

"सॉयर पूल. बरं. आर्विडची बायको शोभता हां, वहिनी."

"अहो, खरंच तिथे."

"हो, हो. आम्ही कुणाला बोलणार नाही."

आता ते तिथे जाणार नाहीत, हे मला दिसत होतं. दुसरीकडे कुठेतरी जातील, जिथलं नाव मी काढलं नाही अशा जागी, आणि तिथल्या खांबांना हात लावतील. त्यांना अडवायला मी काय बोलायला हवं होतं? खरं बोलून झालं होतं.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मर्ल टेबलाला धरून उभा राहिला होता. कसा राहिला कोण जाणे, काठीसुद्धा खाली पडलेली.

"ती खरं सांगतेय," तो म्हणाला.

दोघं बिलिंग्सवाले आता मोकळेपणाने हसले. "तुम्ही मर्ल ना?" उंच माणूस म्हणाला. "आर्विड तुमच्याबद्दल फार सांगायचा." मग त्यांनी कोट घातले, पुन्हा एकदा माझ्यासमोर मान झुकवली आणि जिन्याने वर गेले.

मर्ल अजून उभाच होता आणि त्याचे पाय थरथरत होते. मी त्याची खुर्ची त्याच्या मागे आणली आणि ती डुगडुगत नाही ना, ते हाताने दाबून पाहिलं.

"बस," मी म्हटलं.